लिब फोल्डरातली माणसं

२००५च्या सुमारास कांदिवलीत घरी बसून मोबाइलसाठी सॉफ्टवेअर लिहायचं म्हटलं, तर आधी ग्रँट रोडला जावं लागे. फास्ट गाडी तिथे थांबत नाही, म्हणून चर्चगेट स्लो पकडायची, पूर्वेला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडची वाट धरायची. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलं, तरी कॉम्प्युटरचा धंदा करणाऱ्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच. तिथून जादा रॅम आणायची, कारण प्रोग्रॅम लिहायला आम्ही वापरायचो ते एक्लिप्स १२८ एमबीवर रडतखडत चाले. तिथूनच नोकियाची डेटा केबल, ब्लूटूथचा डाँगल आणि कोऱ्या सीड्यांचा गोल डबा.

सीड्या कशाला, हे आज सांगावं लागतं. घरचं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. मोडेमवर ५६ के लिहिलेलं असलं, तरी हाती सेकंदाला चार-पाच किलोबाइट पडत. एक्लिप्सची झिप फाइल शंभर एमबीच्या आसपास, म्हणजे लाइन एकदाही तुटली नाही तर सहा-सात तास. आणि लाइन तुटायचीच. तेवढा वेळ घरचा फोन एंगेज, आत्याने सणाला केलेला फोन लागायचा नाही, आणि महिन्याच्या शेवटी बिल हातात आलं की वडील काही न बोलता ते टेबलावर ठेवायचे. त्यामुळे ज्याच्या ऑफिसात लीज्ड लाइन आहे असा मित्र असणं ही मोठी गोष्ट होती. कांदिवलीतली बरीच मुलं तेव्हा अंधेरीला सीप्झमध्ये कामाला जात. त्यांच्यातला एखादा साहेबांना विचारून दुपारी डाउनलोड लावायचा आणि रात्री सीडी बर्न करून आणायचा. सीडीवर मार्करने लिहिलेलं असे: जेडीके, वायरलेस टूलकिट, एक्लिप्स, अँट. मग ती सीडी डहाणूकरवाडीतून महावीरनगरला, तिथून पुलावरून पूर्वेला ठाकूर व्हिलेजपर्यंत फिरायची, आणि परत येईल तेव्हा तिच्यावर आणखी एखादा ओरखडा असायचा. ‘डिजिट’ मासिकासोबतही सीडी मिळे. स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर अंक हातात घेतला की लेखांच्या आधी सीडीवर काय काय आहे ते पाहायची सवय आमच्या पिढीला लागली ती तेव्हा.

या सगळ्या खटाटोपाचं कारण साधं आहे. कुठलंही ॲप एकट्या माणसाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिलेलं नसतं. एक्सएमएल वाचणारा तुकडा कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, फोटो लहान करणारा दुसऱ्या कुणीतरी. ते तुकडे म्हणजे लायब्रऱ्या. आपलं ॲप ज्यांच्यावर उभं राहतं त्या त्याच्या डिपेंडन्सीज. प्रोजेक्ट सुरू करताना पहिलं काम त्या गोळा करण्याचं, आणि हेच काम वीस वर्षांत इतकं पालटलं आहे की आम्ही आणि आजची मुलं एकच काम करतो यावर विश्वास बसू नये.

तेव्हा प्रोजेक्टच्या आत ‘लिब’ नावाचा एक फोल्डर असायचा. लायब्ररीची जार फाइल, म्हणजे जावाच्या कोडचा बांधलेला गठ्ठा, मिळवायची आणि हाताने उचलून त्या फोल्डरात टाकायची. बस्स. माझ्या पहिल्या धड चाललेल्या प्रोजेक्टच्या लिबमध्ये फार थोड्या फाइली होत्या. त्यातली एक केएक्सएमएल, दुसरी केसोप. ‘के’ म्हणजे किलोबाइट मोजणाऱ्या छोट्या जावासाठी, मोबाइलवरच्या जे२एमईसाठी, केलेल्या. त्या लिहिणाऱ्याचं नाव श्टेफान हाउश्टाइन. हे नाव मला आजही आठवतं, कारण त्याचा सोर्स कोड मी प्रिंट काढून लोकलमध्ये वाचला होता. तेवढं वाचण्याची गरज होती, कारण जागा नव्हती. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनांत एका ॲपची जार ६४ केबीच्या वर चालत नसे. आज व्हॉट्सॲपवर आलेला गुड मॉर्निंगचा एक फोटो त्याहून मोठा असतो. त्या ६४ केबीत आपला कोड, आपली चित्रं आणि दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या, सगळं बसवायचं. लायब्ररी घेण्याआधी तिचं वजन बघायचं, तिच्यातलं आपल्याला नको ते काढून टाकायचं. हे काढून टाकायला प्रोगार्ड होतं, बेल्जियमच्या एरिक लाफॉर्च्यून यांनी २००२ मध्ये बाहेर आणलेलं. ते न लागणारा कोड छाटायचं आणि लांबलचक नावांची ए, बी, सी करायचं. पुढे अँड्रॉइड आलं तेव्हा गुगलने हेच प्रोगार्ड आपल्या अवजारांत घेतलं, आणि पुष्कळ वर्षं जगभरातल्या अँड्रॉइड ॲप्सवर त्याची कात्री चालत होती. कांदिवलीत आम्ही ते ६४ केबीसाठी शिकलो होतो.

जारसोबत जॅड नावाची एक छोटी मजकुराची फाइल असायची. तिच्यात जारचा आकार बाइटमध्ये लिहायचा. तो एका बाइटनेही चुकला, तर फोन ॲप घेत नसे. बिल्ड, म्हणजे कोडमधून बांधलेलं ॲप, प्रत्येक वेळी नवा, म्हणजे आकडा प्रत्येक वेळी नवा. अँट या बिल्ड करून देणाऱ्या अवजाराच्या स्क्रिप्टमध्ये ते काम लावून दिल्यावर मिळालेला आनंद अजून लक्षात आहे.

आणि क्रॉस-प्लॅटफॉर्म, म्हणजे एकच ॲप सगळ्या फोनांवर? ते तर जावाचं ब्रीदच होतं. सन मायक्रोसिस्टिम्सने सांगितलं होतं की एकदा लिहा, कुठेही चालवा. मोबाइलवर मात्र प्रत्येक कंपनीचं घर वेगळं. पडदे वेगवेगळे: काहींचे १२८ गुणिले १२८, नोकिया ६६००चा १७६ गुणिले २०८, नंतर आलेल्यांचे २४० गुणिले ३२०. पडद्याखालची जी डावी-उजवी दोन बटणं, त्यांचे नोकियातले आकडे उणे ६ आणि उणे ७. मोटोरोलात दुसरे, सीमेन्समध्ये तिसरे. ‘मागे’ जायचं बटण कुठल्या फोनवर काय करेल हे टूलकिटातल्या नकली फोनवर कळायचं नाही, खरा फोन हातात घ्यावा लागे. जर्मनीतल्या लोकांनी जे२एमई पॉलिश नावाचं अवजार काढलं होतं. त्यात शेकडो फोनांची माहिती एक्सएमएलमध्ये भरलेली असे, आणि एकाच कोडमधून प्रत्येक फोनसाठी वेगळी जार निघे. ती यादी मी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचली आहे. तरीही शेवटी कांदिवली स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांतच जावं लागायचं. रिपेअरिंगला आलेले हँडसेट तिथे ट्रेमध्ये मांडलेले असत. ओळखीचा दुकानदार दहा मिनिटं एखादा हातात द्यायचा. ब्लूटूथने किंवा इन्फ्रारेडने जार पाठवायची, दोन फोन एकमेकांना चिकटवून धरायचे, श्वास रोखायचा. चाललं तर तोच दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, “यांनी बनवलंय, आपल्या कांदिवलीचे आहेत.” 

सगळ्यांत जास्त छळलं ते मराठीने. पुष्कळ फोनांत देवनागरी फॉन्टच नव्हता, पडद्यावर चौकोन उमटत. काहींत होता, पण जोडाक्षरं सुटी पडत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसे. उपाय एकच होता. मराठीतला प्रत्येक मथळा, प्रत्येक बटणावरचा शब्द कॉम्प्युटरवर नीट लिहायचा, त्याचं चित्र करायचं, रंग कमी करून ते चित्र पीएनजीमध्ये शक्य तितकं लहान करायचं आणि ॲपमध्ये टाकायचं. मराठी अक्षर म्हणून नाही, चित्र म्हणून फोनमध्ये शिरलं.

त्याच काळात, २००८च्या सुमारास, सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर आलं. ते आधी याच छोट्या जावाच्या फोनांसाठी होतं. लोकलचं सगळं वेळापत्रक फोनमध्येच, इंटरनेट असो वा नसो. कांदिवलीहून सकाळची कोणती गाडी किती वाजता आणि स्लो की फास्ट, हे साध्या बटणांच्या फोनवर दिसायला लागलं, तेव्हा प्लॅटफॉर्मवरची माणसं एकमेकांना ते ब्लूटूथने देत होती. पुढे ते अँड्रॉइडवर आणि आयफोनवर गेलं आणि आज मुंबईत ते ठाऊक नाही असा माणूस विरळा. आमच्यासाठी त्याचं मोल वेगळं होतं. हाताशी इतकं थोडं असताना, मुंबईतल्याच एका माणसाने मुंबईला लागणारी वस्तू केली होती. त्यानंतर ‘मोबाइलवर काय होणार?’ असं आमच्या घरी कुणी विचारलं नाही.

मधली वर्षं घाईने बदलत गेली. एमटीएनएलचं ट्रायबँड ब्रॉडबँड आलं, रात्रीच्या डाउनलोडचे प्लॅन आले, आणि अलार्म लावून उठून डाउनलोड चालू करायची रीत पडली. इमारतींच्या गच्च्यांवरून केबलवाल्याची निळी वायर लोंबायला लागली. अँड्रॉइडचं एसडीके एक्लिप्समध्ये जोडायचं, मग २०१४च्या डिसेंबरात अँड्रॉइड स्टुडिओची पहिली पक्की आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ग्रेडल घरोघरी आलं. इथेच लिब फोल्डर मोडला. आता जार आणायची नव्हती, फक्त तिचं नाव आणि आवृत्ती एका ओळीत लिहायची होती, ग्रेडल ती स्वतः जाऊन आणत असे. आयफोनसाठी हेच काम कोकोपॉड्स करायचं. सुरुवातीला त्याची जगातल्या सगळ्या पॉड्सची यादीच आधी उतरवून घ्यावी लागे, आणि कांदिवलीच्या लाइनवर ती उतरेपर्यंत जेवण होऊन जाई. फोनगॅप, टायटॅनियम, झॅमरिन, एकाच कोडमधून सगळे फोन सांभाळणारी अवजारं एकामागून एक आली. फोनगॅप अडोबीने विकत घेतलं आणि २०२० मध्ये त्याला निरोप दिला. झॅमरिनचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२४च्या मे महिन्यात काढून घेतला. फेसबुकचं रिॲक्ट नेटिव्ह २०१५ला खुलं झालं, गुगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती ४ डिसेंबर २०१८ला आली. आणि या सगळ्याच्या मधोमध, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ सुरू झालं. माझ्या मते कांदिवलीतल्या नव्या प्रोग्रॅमरांसाठी फ्लटरपेक्षाही ही घटना मोठी. डाउनलोड परवडतो की नाही हा हिशेबच उरला नाही.

आता परवाचं सांगतो. चारकोपला आमच्या ओळखीच्या घरातली एक मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चारकोप म्हणजे म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने आखलेले सेक्टर, छोटे प्लॉट, मधे मोकळं अंगण, आणि बैठ्या घरांवर हळूहळू चढलेले मजले. तशाच एका घराच्या माळ्यावर तिचं टेबल. तिच्या मंडळाच्या गणपतीसाठी ती वर्गणीच्या पावतीचं ॲप करते आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारं. नाव आणि रक्कम भरली की मराठीत पावती तयार व्हावी, तारीख देवनागरी आकड्यांत यावी आणि पावती व्हॉट्सॲपवर जावी. तिने फ्लटर डॉक्टर चालवून दाखवलं. संगणकावर काय बसलंय आणि काय नाही हे ते हिरव्या बरोबरच्या आणि लाल चुकीच्या खुणांनी सांगतं. सगळ्या हिरव्या. मग पबस्पेक नावाच्या फाइलीत तिने लागणाऱ्या पॅकेजांची नावं लिहिली: तारखांसाठी इंटल, फोनमध्ये साठवायला एसक्यूफ्लाइट, पाठवायला शेअर प्लस, पीडीएफसाठी एक. आणि ती उतरवून घ्यायला ‘फ्लटर पब गेट’ म्हटलं.

“काका, हे बघा ना, व्हर्जन सॉल्व्हिंग फेल्ड.”

“अगं, पूर्ण वाच. ते कारण सांगतंय.”

आणि ते खरोखर सांगत होतं. फ्लटरचं स्वतःचं भाषांतराचं पॅकेज इंटलच्या ०.२०.२ या एकाच आवृत्तीवर ठाम होतं. तिने घेतलेल्या दुसऱ्या एका पॅकेजला त्याच इंटलची जुनी ०.१९ हवी होती. दोघं एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून थांबलो, असं क्रमाने, ‘अमुक असल्यामुळे तमुक’ अशा वाक्यांत. ही रीत २०१८ मध्ये नॅटली वाइझनबाउम यांनी डार्टच्या, म्हणजे फ्लटर ज्या भाषेत लिहितात तिच्या, पॅकेज मॅनेजरसाठी लिहिली, नाव पबग्रब. पुढे स्विफ्ट आणि रुबीच्या पॅकेज मॅनेजरांनीही ती उचलली. दोन लायब्रऱ्यांचं पटत नाही हे आम्हाला पूर्वी ॲप फोनवर बंद पडल्यावर कळायचं, आणि तेही का ते कळायचं नाही. इथे एक यंत्र शेकडो आवृत्त्यांचा ताळा मांडून, उत्तर नसलं तर नसण्याचं कारण देतं. हे मला अतिशय सुंदर वाटतं. जुन्या काळाबद्दल कितीही माया असली तरी याच्या बदल्यात मी तो काळ मागणार नाही. तिने त्या अडेल पॅकेजची नवी आवृत्ती शोधली, ओळ बदलली, आणि मिनिटभरात सगळं खाली आलं.

पण पावतीचं पीडीएफ उघडलं आणि मी खुर्ची जवळ ओढली. ‘श्री’ फुटली होती. ‘वर्गणी’तला रफार भलतीकडे, ‘मित्र’मधली वेलांटी अक्षरानंतर. ॲपच्या पडद्यावर तीच अक्षरं ठाकठीक, कारण फ्लटर अक्षरं जुळवायचं काम स्वतःसोबत आणलेल्या इंजिनकडून करून घेतं. पीडीएफ करणाऱ्या पॅकेजला मात्र देवनागरीची जुळणी जमत नव्हती. मी सुचवलं, पावतीचा भाग पडद्यावर रंगव, त्याचं चित्र कर आणि ते चित्र पीडीएफमध्ये ठेव. तिने तसं केलं. पावती सुरेख आली. वीस वर्षं उलटली, ६४ केबीच्या जागी जीबी आले, आणि मराठी जोडाक्षर अजून एखाद्या ठिकाणी चित्र होऊनच आत शिरतं. याचं मला वाईट वाटतं. हे काम कुणीतरी मराठी माणसाने हाती घ्यावं असं मनापासून वाटतं, कारण पॅकेजचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि ज्याला ‘श्री’ फुटलेली बघवत नाही तोच ते नेटाने करील.

गमावलं काय, तेही सांगितलं पाहिजे. त्या मुलीने पाच-सहा नावं लिहिली होती, पण खाली उतरली कितीतरी जास्त पॅकेजं, कारण प्रत्येक पॅकेजची आपली डिपेंडन्सी, तिची पुन्हा आपली. रिॲक्ट नेटिव्हच्या प्रोजेक्टात तर नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात ती शेकड्यांनी भरतात. त्यांतलं कोण काय करतं हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २२ मार्च २०१६ला आझेर कोचुलू या प्रोग्रॅमरने एका नावाच्या वादावरून आपली सगळी पॅकेजं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होतं, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं, अवघ्या ११ ओळींचं. त्या ११ ओळी गेल्या आणि जगभरातली असंख्य प्रोजेक्टं उभी राहीनात, काही तासांत ते परत ठेवावं लागलं. २०१८चं प्रकरण त्याहून वाईट. इव्हेंट-स्ट्रीम हे लोकप्रिय पॅकेज सांभाळायला कुणीतरी अनोळखी माणूस पुढे आला, मूळ लेखकाने विश्वासाने ते सोपवलं, आणि त्याने आत एक नवी डिपेंडन्सी घुसवली. तिचं लक्ष्य एकच होतं, कोपे नावाचं बिटकॉइनच्या पाकिटाचं मोबाइल ॲप. कोपे लिहिणाऱ्यांनी स्वतः काही वाईट लिहिलं नव्हतं. त्यांनी इन्स्टॉल म्हटलं होतं. २०२५च्या सप्टेंबरातही एनपीएमवरच्या रोज वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांत असाच विषारी कोड शिरला, सांभाळणाऱ्याला खोटा ईमेल पाठवून.

दुसरं नुकसान टिकण्याचं. पोईसर नदीच्या काठी राहणाऱ्या माझ्या मित्राच्या तळमजल्यावरच्या घरात २६ जुलै २००५ला पाणी शिरलं. त्याचा पीसी गेला, हार्ड डिस्क गेली. सीड्या त्याच्या आईने साबणाच्या पाण्याने धुऊन दोरीवर टॉवेलला पिना लावतात तशा टांगून वाळवल्या, आणि त्या चालल्या. माझं त्या काळचं प्रोजेक्ट आजही जुन्या विंडोजच्या आभासी यंत्रात बिल्ड होतं, कारण त्याला लागणारी प्रत्येक वस्तू त्याच्या शेजारीच आहे. २०१७चं अँड्रॉइड प्रोजेक्ट मात्र सहज उभं राहत नाही. त्याच्या फाइलीत लायब्ररीचं फक्त नाव आहे आणि पत्ता जेसेंटर या ऑनलाइन कोठाराचा. २०२१ मध्ये ते चालवणाऱ्या जेफ्रॉगने त्याच्यामागचं बिनट्रे बंद केलं, जेसेंटरमध्ये नवं काही घेणं थांबवलं, आणि ज्या छोट्या लायब्रऱ्या मावेन सेंट्रल या दुसऱ्या कोठारात कधी गेल्याच नाहीत त्यांच्यावर उभी असलेली प्रोजेक्टं अडकली. कोकोपॉड्सनेही २ डिसेंबर २०२६पासून नवी भर घेणं थांबवण्याचं जाहीर केलं आहे. मधेच ग्रेडलची आवृत्ती वाढते, तिला जावा १७ लागतं, आणि तीन वर्षांत कुणी हात न लावलेलं एखादं प्लगिन ‘नेमस्पेस दिलेली नाही’ म्हणून सगळा बिल्ड अडवून धरतं. ज्याने ते लिहिलं त्याची नोकरी बदलली असेल, घरी बाळ आलं असेल. फुकट काम करणाऱ्या माणसावर रागावता येत नाही.

माणूस दिसत नाही, ही माझी खरी हळहळ. लिब फोल्डरातल्या मोजक्या फाइलींच्या मागची नावं मला पाठ होती. पूर्वी लग्नघरात शेजारपाजारून पातेली, पराती, तांबे यायचे आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं असे, त्यामुळे कार्य उरकल्यावर कुणाचं काय हे विचारावं लागत नसे. आजच्या ॲपमध्येही नावं कोरलेली आहेत, फक्त ती कुणी वाचत नाही. फ्लटरमध्ये लायसन्सचं पान तयारच मिळतं. मी त्या मुलीला ते उघडायला सांगितलं. तिने बोट सरकवायला सुरुवात केली आणि यादी संपेचना. नावावर नाव, खाली परवान्याचा मजकूर, वर्ष, लेखक. “काका, एवढे सगळे?” ती म्हणाली, आणि मग गप्पा न मारता बराच वेळ वाचत बसली. त्या एका पानाने तिला जे कळलं ते माझ्या पिढीला जागेच्या टंचाईने शिकवलं होतं.

म्हणून मला विचाराल, तर आजचा काळ जास्त चांगला. डहाणूकरवाडीला मेट्रो आली ती २०२२च्या गुढीपाडव्याला, पण चारकोपच्या माळ्यावरच्या मुलीला काम सुरू करायला ना मेट्रो लागते ना लोकल. सीप्झमधला मित्र लागत नाही, महिन्याचं बिल पाहून गप्प होणारे वडील लागत नाहीत. आमच्या वेळी ज्यांना तसा मित्र नव्हता अशा कितीतरी हुशार मुली-मुलांचं शिकणं तिथेच थांबलं, आणि त्यांची संख्या आमच्या आठवणींच्या गोडव्यात हरवते. आयफोनसाठी मात्र अजून मॅक लागतो, तो आजही या मुलांना महाग आहे, आणि त्यासाठी ती कॉलेजच्या लॅबवर किंवा मित्राच्या यंत्रावर अवलंबून आहेत.

जुन्यातलं जे ठेवण्यासारखं आहे ते ठेवायला खर्च काही नाही. नवं पॅकेज घेण्याआधी पब डॉट डेव्हवर त्याचं पान उघडून पाहा: कोण प्रकाशित करतं, शेवटचा हात कधी लागला, परवाना कोणता. ‘फ्लटर पब डेप्स’ चालवून डिपेंडन्सीजचं झाड एकदा डोळ्यांखालून घाला. पबस्पेक डॉट लॉक ही फाइल गिटमध्ये ठेवा, कारण नेमक्या कोणत्या आवृत्तीवर ॲप चाललं होतं हे फक्त तिलाच ठाऊक असतं. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या कामाचं ॲप असेल, तर लागणाऱ्या पॅकेजांची एक प्रत वेगळ्या डिस्कवरही काढून ठेवा. आणि मराठी ॲपमध्ये मुक्ता फॉन्ट वापरत असाल, तर लक्षात ठेवा, तो मुंबईतल्या ‘एक टाइप’च्या लोकांनी करून सगळ्यांना खुला दिलेला आहे. फॉन्टची फाइल आपण हाताने ॲपमध्ये घातली की तिचा परवाना लायसन्सच्या पानावर आपोआप येत नाही, तो लायसन्स रजिस्ट्रीत वेगळा लिहावा लागतो. चार ओळींचं काम आहे, तेवढं जरूर करा.